थेंबांचा हिशेब : ल माँच्या शर्यतीतील वेग आणि इंधनबचत

मोटारीच्या इंजिनात आणि सांगाड्यात फेरबदल करून तिची शक्ती वाढवणे आणि त्याच मोटारीकडून चांगले ॲव्हरेज मिळवणे, म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त अंतर कापून घेणे, ही दोन उद्दिष्टे एकत्र नांदू शकत नाहीत, हा समज मोटारीइतकाच जुना आहे. या समजाची सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कठोर परीक्षा फ्रान्समधील ल माँ या शहराच्या वेशीवर झाली. पश्चिम फ्रान्सच्या 'ऑटोमोबिल क्लब द ल्वेस्त' या संस्थेने १९२३ मध्ये तेथे सुरू केलेल्या शर्यतीत ठरावीक अंतर आधी पार करणारा जिंकत नाही, तर २४ तासांत सर्वाधिक अंतर कापणारी गाडी विजयी ठरते. त्यामुळे वेगाइतकेच टिकाऊपणाला आणि पेट्रोल भरण्यासाठी थांबण्यात जाणाऱ्या वेळेला येथे आरंभापासून महत्त्व होते. आयोजकांनी वेळोवेळी इंधनावर घातलेल्या बंधनांचा इतिहास पाहिला, तर शक्ती वाढवणाऱ्या प्रत्येक फेरबदलाचा खरा कस इंधनाच्या हिशेबातच लागतो, हे स्पष्ट दिसते.

या बंधनांपैकी एक महत्त्वाचे बंधन शोकांतिकेतून आले. ११ जून १९५५ रोजी शर्यत चालू असताना एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वेगाला लगाम घालण्याच्या प्रयत्नात १९५६ च्या नियमांत इंधनाच्या वापरावरही मर्यादा आली. १०० किलोमीटरमागे २६ लिटर, म्हणजे लिटरमागे सुमारे ३.८ किलोमीटर, या प्रमाणाबाहेर पेट्रोल जाळण्यास मनाई झाली. त्या वर्षी जिंकलेली जॅग्वार डी-टाइप गाडी जॅग्वारच्या कारखान्याच्या पथकाची नव्हती, तर एडिनबरो येथील 'एकुरी एकोस' या खासगी स्कॉटिश पथकाची होती. निनियन सँडरसन आणि रॉन फ्लॉकहार्ट यांनी तिच्यातून २४ तासांत ४,०३४ किलोमीटर अंतर कापले. इंधन मोजून मिळू लागले की कारखान्याच्या पैशापेक्षा बारकाईने गाडी तयार करणाऱ्या हातांना संधी मिळते, हे पुढे पुन्हा दिसणारे सूत्र येथे प्रथम नजरेस येते.

१९५९ पासून एकूण विजेत्याखेरीज 'औष्णिक कार्यक्षमतेचा निर्देशांक' या नावाने आणखी एक बक्षीस दिले जाऊ लागले. गाडीचे वजन, तिचा वेग आणि तिने जाळलेले इंधन यांची सांगड घालून हा निर्देशांक काढला जाई, आणि जी गाडी इंधनातील उष्णतेचे सर्वांत चांगल्या रीतीने गतीत रूपांतर करी ती या गटात पहिली येई. ब्रिटनच्या लोटस एलिट या गाडीने हा मान दोन वेळा मिळवला. तिचे संपूर्ण अंग फायबरग्लासचे, म्हणजे राळेत घट्ट केलेल्या काचतंतूंचे असल्याने ती अतिशय हलकी होती; तिचे १,२१६ सीसीचे कॉव्हेंट्री क्लायमॅक्स इंजिन मुळात आगीच्या बंबासाठी तयार केलेल्या हलक्या इंजिनातून विकसित झाले होते; आणि हवा कापण्याची तिची क्षमता त्या काळात असाधारण मानली जाई. रेनोच्या छोट्या इंजिनांवर काम करणाऱ्या फ्रान्सच्या अल्पिन कंपनीने १९६४ मध्ये हाच निर्देशांक जिंकला. तरीही या बक्षिसाची कीर्ती मर्यादित राहिली, कारण ते बहुधा छोट्या गाड्यांकडे जाई आणि प्रेक्षकांचे डोळे सर्वांत पुढे धावणाऱ्या मोठ्या गाड्यांवर खिळलेले असत.

हे चित्र तेलसंकटाने बदलले. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धादरम्यान अरब तेलउत्पादक देशांनी पुरवठा रोखला, काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली, आणि केवळ स्पर्धेसाठी पेट्रोल जाळणे समाजाला मान्य होईल का, हा प्रश्न शर्यतींच्या आयोजकांपुढे उभा राहिला. ल माँच्या आयोजकांनी १९७५ मध्ये त्याचे उत्तर नियमातूनच दिले : एकदा पेट्रोल भरले की किमान २० फेऱ्या, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर, पूर्ण केल्याशिवाय पुन्हा भरता येणार नाही. या अटीपायी शर्यतीला त्या वर्षीच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील स्थान गमवावे लागले, पण आयोजकांनी माघार घेतली नाही. जॅकी इक्स आणि डेरेक बेल यांना त्या वर्षी विजय मिळवून देणाऱ्या 'मिराज' गाडीत फॉर्म्युला वन शर्यतींसाठी घडवलेले तीन लिटरचे कॉसवर्थ इंजिन होते, आणि त्यातून शक्य तेवढी शक्ती काढण्याऐवजी पथकाने त्याची शक्ती जाणीवपूर्वक उतरवली होती. शक्ती कमी करण्यासाठी केलेला फेरबदल येथे विजयाचे साधन ठरला.

या विचाराचे परिपूर्ण रूप १९८२ मध्ये लागू झालेल्या 'ग्रुप सी' नियमावलीत आढळते. इंजिन किती लिटरचे असावे, त्याला टर्बोचार्जर असावा की नसावा, याबाबत या नियमावलीने जवळजवळ पूर्ण मोकळीक दिली आणि इंधनाचे माप मात्र बांधून टाकले. गाडीचे वजन किमान ८०० किलो, टाकी जास्तीत जास्त १०० लिटरची, आणि १,००० किलोमीटरच्या शर्यतीत केवळ पाच वेळा पेट्रोल भरण्याची मुभा. म्हणजे आरंभीची भरलेली टाकी धरून ६०० लिटर. ल माँच्या २४ तासांसाठी २५ वेळा भरण्याची परवानगी असल्याने तेथील शिधा २,६०० लिटरचा झाला. शक्ती हवी तेवढी काढा, पण तिची किंमत याच शिध्यातून चुकवा, असा या नियमाचा सरळ अर्थ होता.

या नियमांसाठी पोर्शे कंपनीने नॉर्बर्ट सिंगर यांच्या नेतृत्वाखाली ९५६ ही गाडी घडवली. तिचे सहा सिलिंडरचे, दोन टर्बोचार्जरांचे २.६५ लिटर इंजिन ६०० हून अधिक अश्वशक्ती देऊ शकत असे. मात्र मे १९८२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथील सहा तासांच्या पहिल्याच शर्यतीत शिधा पुरवण्यासाठी तिला वेग आवरता घ्यावा लागला, आणि इंधनमर्यादा लागू नसलेल्या जुन्या गटातील लांचिया गाडी तिच्यापुढे निघून गेली. त्यानंतर अवघ्या महिन्याभराने ल माँ येथे पोर्शेच्या तीन गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. इक्स आणि बेल यांच्या विजयी गाडीने ४,८९९ किलोमीटर अंतर कापले होते.

ठरावीक शिध्यात अधिक शक्ती बसवण्याचे तंत्र समजून घेण्यासाठी टर्बो इंजिनात इंधन कोठे वाया जाते हे पाहावे लागते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरणारे पाते सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरते आणि त्या हवेच्या प्रमाणात अधिक पेट्रोल जाळता येते, ही टर्बोचार्जरची रीत आहे. दाब आणि उष्णता वाढली की ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच मेकॅनिक मंडळी नॉकिंग म्हणतात, आणि ते चालू राहिले तर पिस्टनला अक्षरशः भोके पडतात. ते टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारणे, कारण न जळलेल्या पेट्रोलची वाफ होताना सिलिंडर थंड राहतो. अशा 'रिच' मिश्रणावर धावणाऱ्या गाडीत पेट्रोलचा काही भाग गती निर्माण न करता केवळ इंजिन थंड ठेवण्याच्या कामी येतो. दुसरा उपाय म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, अर्थात पिस्टन वर येताना मिश्रण किती पटींनी दाबले जाते ते प्रमाण, कमी ठेवणे; पण त्यामुळे जळणाऱ्या प्रत्येक थेंबातून मिळणारे काम घटते. रस्त्यावरील टर्बो गाडीची शक्ती घाईघाईने वाढवली की तिचे ॲव्हरेज कोसळते, त्याचे मूळ बहुतेक वेळा या दोन उपायांत असते.

या कोंडीतून पुढे वाट काढली ती बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने. इंजिनाचा फिरण्याचा वेग आणि त्यावरील भार सतत मोजून, प्रत्येक स्थितीसाठी किती पेट्रोल फवारायचे आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडायची, हे ती आपल्या स्मृतीत साठवलेल्या कोष्टकावरून ठरवीत असे. हे कोष्टक म्हणजेच ट्यूनिंग करणारे ज्याला 'मॅप' म्हणतात तो तक्ता. नियंत्रण इतके बारीक झाल्यावर खबरदारी म्हणून जादा पेट्रोल ओतण्याची गरज कमी झाली, कॉम्प्रेशन रेशो वाढवता आला, आणि तेवढ्याच पेट्रोलमधून अधिक काम मिळू लागले. शक्ती आणि बचत यांच्या वाटा येथे एकमेकींना येऊन मिळाल्या.

यंत्राइतकाच भाग चालकाचा होता. टर्बोचा दाब कमीजास्त करण्याची खुंटी ९५६ मध्ये चालकाच्या हाताशी असे, त्यामुळे दुसऱ्या गाडीला मागे टाकण्यापुरता दाब वाढवून एरवी तो उतरवून ठेवता येई. वळणाआधी शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबण्याऐवजी थोडे आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी तिच्या वेगावर वाहू देणे, वरच्या गिअरमध्ये लवकर जाणे आणि पुढच्या गाडीच्या पाठीशी राहून तिने फाडलेल्या हवेचा लाभ घेणे, या सवयींतून फेरीगणिक थोडे थोडे पेट्रोल वाचे. ल माँच्या सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या म्युलसान रस्त्यावर, जेथे गाड्या ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पोहोचत, हा आडोसा विशेष मोलाचा होता.

या सर्व गोष्टींचा एकत्रित कस १९८५ मध्ये लागला, कारण त्या वर्षी शिधा १५ टक्क्यांनी कमी होऊन २,२१० लिटरवर आला. पोर्शेच्या कारखान्याने नव्या ९६२ सी गाड्या उतरवल्या होत्या, आणि त्यांपैकी एका गाडीने हान्स श्टुक यांच्या हाती पात्रता फेरीत ताशी २५१.८ किलोमीटर सरासरीचा उच्चांक नोंदवला, जो २०१७ पर्यंत अबाधित राहिला. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र पहिली आली ती राइनहोल्ड योस्ट यांच्या खासगी पथकाची ९५६, आणि दुसरी आली ती ब्रिटनच्या रिचर्ड लॉइड पथकाची ९५६. योस्ट पथकाची ही तीच गाडी होती, जिने आदल्या वर्षीही विजय मिळवला होता. लॉइड पथकाने आपल्या गाडीचा मूळ सांगाडा बदलून नायजेल स्ट्राउड यांनी आखलेला मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचा ॲल्युमिनियमचा सांगाडा बसवला होता. शर्यतीच्या पहिल्या तासांत या दोन गाड्या एकमेकींच्या पाठीशी धावत, पुढचे स्थान आलटूनपालटून घेत, परस्परांच्या आडोशाने पेट्रोल वाचवीत राहिल्या. त्यांच्या वेगाचा पाठलाग करणाऱ्या कारखान्याच्या गाड्यांना इंधनाचा मेळ बसेना, आणि त्यांच्यातील सर्वांत पुढच्या गाडीला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

क्लाउस लुडविग आणि पाओलो बारिला यांनी प्रामुख्याने चालवलेल्या त्या विजयी गाडीने ५,०८८ किलोमीटर अंतर कापले. १९८२ शी तुलना केल्यास असे दिसते की ३९० लिटर कमी शिध्यात सुमारे १९० किलोमीटर अधिक अंतर कापले गेले. मंजूर इंधनाच्या हिशेबाने लिटरमागे १.८८ किलोमीटरवरून २.३ किलोमीटरपर्यंतची, म्हणजे २२ टक्क्यांची ही सुधारणा तीन वर्षांत आणि वेग वाढवून झाली होती. १९५६ चा ३.८ हा आकडा यापेक्षा मोठा दिसतो, पण तेव्हाचा सरासरी वेग ताशी १६८ किलोमीटर होता आणि १९८५ चा २१२; हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने केवळ तो पार करण्यासाठी प्रत्येक किलोमीटरला दीडपटीहून अधिक काम करावे लागत होते. ॲव्हरेजचा कोणताही आकडा वेगापासून वेगळा काढून वाचू नये, हा धडा या तुलनेत आहे.

ग्रुप सीचा काळ १९९० च्या दशकाच्या आरंभी संपला, परंतु त्यामागचा विचार टिकून राहिला. २०१४ मध्ये ल माँच्या सर्वोच्च गटासाठी प्रत्येक फेरीमागे खर्च करता येणाऱ्या ऊर्जेवर मर्यादा घालणारे नियम आले, आणि त्या वर्षी जिंकलेली ऑडीची हायब्रिड गाडीही योस्ट यांच्याच पथकाने सांभाळली होती. आपल्या गाडीत फेरबदल करू पाहणाऱ्यांसाठी या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे : वजन घटवणे, हवेचा विरोध कमी करणे, मिश्रण आणि ठिणगी अचूक जुळवणे आणि पाय हलका ठेवणे, या चार गोष्टींनी वेग आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतात; पेट्रोल ओतून मिळवलेली शक्ती मात्र टाकी रिकामी होईपर्यंतच टिकते. १९८४ आणि १९८५ अशी सलग दोन वर्षे ल माँ जिंकणारी ती ११७ क्रमांकाच्या सांगाड्याची ९५६ गाडी एका खासगी कार्यशाळेत शर्यतीसाठी सज्ज झाली होती, आणि दुसऱ्या विजयाच्या वेळी तिच्या वाट्याला पहिल्या विजयापेक्षा कमी पेट्रोल आले होते.