यकृत बदललं, त्यानंतरची गोष्ट



मागच्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत एका वहिनीने कर्ज मागितलं. कर्जाच्या कारणात आपण लिहितो शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं, मुलीची फी. ती म्हणाली, "मालकांच्या गोळ्या." मालकांचं यकृत बदललेलं आहे, आणि यकृताचा तुकडा तिनेच दिलेला. ऑपरेशनला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. एक आक्का बोलल्या, "ऑपरेशन तर झालं की गं. मग अजून कशाच्या गोळ्या?"

मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास, म्हणून त्याच वाटेने शोधलं. जे सापडलं ते आज सांगते.

यकृत म्हणजे मटणाच्या दुकानात जिला कलेजी म्हणतात तीच. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आत. मराठवाड्यात यकृत प्रत्यारोपण हा शब्द घरोघरी पोचला तो ऑगस्ट २०१२ मध्ये. विलासराव देशमुखांना मुंबईहून चेन्नईला हलवलं आणि १४ ऑगस्टला, प्रत्यारोपण होण्याआधीच, ते गेले. आपल्याला तेव्हा वाटलं, वेळेवर यकृत बसवलं असतं तर सगळं सुटलं असतं. बसवल्यानंतरही बरंच उरतं, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनाही ते सहज कळलं नाही. अमेरिकेत डेन्व्हर इथे थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी माणसात पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा. रक्तस्राव थांबला नाही आणि तो टेबलावरच गेला. त्यानंतरचे रुग्णही काही आठवड्यांपलीकडे जगले नाहीत. शेवटी त्यांनी हे ऑपरेशन काही वर्षं बंदच ठेवलं. १९६७ मध्ये पुन्हा सुरू केलं, तेव्हा कुठे रुग्ण वर्षभर जगू लागले. पुढच्या वर्षी इंग्लंडात केंब्रिजला रॉय काल्न यांनी सुरुवात केली.

शिवणं हळूहळू जमलं. पण आपलं शरीर परक्याला ओळखतं. जंतू आला की जसं लढतं, तसंच ते नव्या यकृताशीही लढतं. ही लढाई थांबवावी तर जंतूंना दार उघडं. या पेचातच पंधरा-वीस वर्षं गेली. वाट सापडली ती मातीत. नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं. काल्न यांनी ते १९७८ मध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात केली. आधी यकृत बदललेल्या दहांतले तीनेक जण वर्ष काढत, ते ऐंशीच्या दशकात सातपर्यंत गेले. पुढे १९८४ मध्ये जपानात त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूतून टॅक्रोलिमस मिळालं. आमच्या वहिनीच्या घरातल्या डब्यात आहे ती हीच गोळी. आपण शेतकऱ्याच्या बाया, मातीचं हे देणं ऐकून मला फार बरं वाटलं.

जिवंत माणसाच्या यकृताचा भाग घेऊन पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झालं. देणारी आई होती, घेणारा तिचा लहानगा मुलगा. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो सुरुवातीला लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत कांचीपुरमच्या वीस महिन्यांच्या बाळाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला. बाळ वाचलं, मोठं झालं आणि डॉक्टर झालं. तिथे वडील पुढे आले, पण आपल्या देशात जिवंत दात्यांत बायका जास्त असतात आणि घेणाऱ्यांत बहुतेक पुरुष, असं अभ्यासांत दिसलंय. तुकडा दिल्यावर यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढतं हे खरं. पण देणाऱ्याच्या जिवालाही थोडा का होईना धोका असतोच. आमच्या वहिनीला जड उचलू नको म्हणून सांगितलं होतं. हंडे कोण उचलणार होतं? त्या घरात पेशंट दोन होते, आम्ही एकच मोजला.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येते. पहिल्या दिवसांत यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते, म्हणून सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करतात. पित्ताची नळी गळते किंवा अरुंद होते. मग दुर्बिणीतून आत बारीक नळी बसवावी लागते. पहिल्या काही महिन्यांत शरीर यकृत नाकारण्याची भीती जास्त, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. पुष्कळदा आधी रक्ताच्या तपासणीतच कळतं. वेळेत कळलं तर औषध वाढवून बहुतेक वेळा आवरता येतं. ताप, थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद, पोटात दुखणं, यातलं काही झालं तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा. पुढच्या वर्षांत याच गोळ्यांमुळे साखर, बीपी, किडनीचा त्रास होऊ शकतो. तरी गोळ्या बंद करायच्या नाहीत. मात्रा कमी-जास्त करणं डॉक्टरांचं काम. कंपनी बदलायची तरी विचारून.

आणि काढा! वहिनीकडे शेजारणी गुळवेल घेऊन आल्या, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. अगं, ज्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम खाली ठेवलीय, त्याला ती वाढवायचा काढा? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. तो वाद त्यांचा. यकृत बदललेल्याने त्यात पडू नये. दुखण्याची गोळीसुद्धा मनाने घ्यायची नाही. पपनस वर्ज्य, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आपल्या जालन्याची मोसंबी चालेल का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. गोठा झाडणं, शेण काढणं दुसऱ्याने करावं.

एक चूक आमची. या औषधाचं रक्तातलं प्रमाण तपासतात, त्याला सगळे लेव्हल म्हणतात. ते रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. एकदा मी सोबत गेले होते. पहाटेची एसटी, गडबड, भाऊंनी सवयीने गोळी घेतली आणि मग रक्त दिलं. प्रमाण जास्त दिसलं. डॉक्टर मात्रा कमी करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "गोळी किती वाजता घेतली?" वहिनीने खरं सांगितलं म्हणून वाचलो. मात्रा कमी झाली असती तर शरीराने यकृताशी पुन्हा लढाई मांडली असती. दुसऱ्या दिवशी परत गेलो. भाडं दुप्पट, मजुरी बुडाली.

कर्ज आम्ही दिलं, पण वाद झाल्याशिवाय नाही. शेळीला पिल्लं होतात, गोळीतून काय येणार, असं एकीने विचारलं. तिचंही चूक नव्हतं, पैसे सगळ्यांचे आहेत. वहिनी म्हणाली, "मालक हप्ता फेडायला शेतात उभे राहतात, ते गोळीवरच." रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'गोळ्या'. पाच हप्ते वेळेवर आले, सहावा थकलाय. गोळ्या जन्मभराच्या आहेत, पुढच्या कर्जाचं काय ते अजून ठरलेलं नाही.

येत्या मंगळवारी पुन्हा लेव्हल आहे. या वेळी सकाळची गोळी वहिनीच्या पिशवीत राहणार, रक्त दिल्यावरच निघणार.