विहिरीतली पाळी आणि गोव्यातला आठवडा

निपाणीजवळच्या आमच्या गावी भावकीच्या सामाईक विहिरीत आमचा चौथा हिस्सा होता. पाणी पाळीने मिळे, आणि उन्हाळ्यात गाळ काढण्याचा खर्च चारही घरांवर पडे. एका वर्षी एका चुलत्यांनी पैसे थकवले. पंचांनी विहिरीच्या काठावर बसून आधी हिशेब वाचून दाखवला, त्यांचे म्हणणे ऐकले, आणि मगच त्यांची पाळी अडवली.

त्यामुळे १९९० नंतरच्या एका साली अण्णांनी तंबाखूच्या पट्टीच्या पैशांतून गोव्यात वर्षाचा एक आठवडा 'विकत घेतला', तेव्हा ती कल्पना मला परकी वाटली नाही. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंड व फ्रान्सच्या डोंगराळ भागात ही पद्धत रुजली. आपल्याकडे १९८६ साली मद्रासची स्टर्लिंग आणि १९९६ साली महिंद्र या धंद्यात उतरली. आमचा करार या दोहोंशी नव्हता. टाइमशेअर म्हणजे सुट्टीची पाळीच. फरक एवढाच, की विहिरीत आमची मालकी होती. इथे जमीन कंपनीची, आमचा फक्त वापराचा हक्क, आणि वर दरसाल देखभालीचे शुल्क.

पहिली काही वर्षे आंबोली घाट उतरून आम्ही हौसेने गेलो. पुढे शुल्क वाढत गेले, आणि मे महिन्यात वा दिवाळीत खोली मागितली की 'शिल्लक नाही' असे उत्तर येऊ लागले. अण्णा गेल्यावरही त्यांच्याच नावे इंग्रजीत नोटिसा येत राहिल्या. थकबाकी, वर व्याज.

दादा म्हणाला, "एक पैसा भरायचा नाही. काय करतील?" मी म्हणालो, "मग दावा लावू." वहिनी हसल्या, "भावजी, २००४ सालच्या सीमादाव्याच्या तारखा मोजत केस पिकले, आता आणखी एक दावा?"

करार काढून वाचला. वाद लवादापुढे, तोही दूरच्या शहरात. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला दार उघडले होते. पण जिथे कंपनीचे कार्यालय वा शाखा असेल, किंवा तक्रारीचे कारण घडले असेल, तिथेच जावे लागे. निपाणीच्या माणसाने तारखेला किती वेळा परमुलखी जावे? पुष्कळांनी तिथेच नाद सोडला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येऊ लागली. म्हणजे आमच्यासाठी बेळगाव. करारातल्या लवादाच्या कलमाने ग्राहकाचा हा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगितले होते. वारसालाही तक्रार करता येते. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

दादाचे म्हणणेही वकिलांपुढे ठेवले. ते म्हणाले, "न भरता गप्प बसलात तर कागदावर ती तक्रार नव्हे, थकबाकीच. कंपनीलाही वसुलीसाठी साधारण तीन वर्षे मिळतात. वडिलांचे देणे तुमच्यावर येईल ते त्यांच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरतेच. पण तोंड उघडा."

शेवटी आम्ही रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले. अण्णांचा मृत्यू कळवला, खोली नाकारल्याच्या तारखा लिहिल्या, आणि देखभालीवर प्रत्यक्ष काय खर्च झाला त्याचा हिशेब मागितला. पोचपावती फायलीत लावली. उत्तर आले नाही तर बेळगावची वाट धरायची, हे आता दादालाही पटले आहे.

गाळाचा पैसा देण्याला आमच्या घराने कधी ना म्हटले नाही. पण देण्याआधी विहिरीत वाकून पाहण्याचा हक्क हिस्सेदाराला असतो, एवढे आम्ही त्या काठावर शिकलो आहोत.