लाइमच्या मोजणीचे कूळ

१९३५ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने एक कायदा केला. लग्नाचा परवाना हवा असेल तर वधू आणि वर, दोघांनीही उपदंशाची रक्तचाचणी करून घेतली पाहिजे. असा कायदा करणारे ते तिथले पहिले राज्य. पुढे चाळीस वर्षांनी त्याच राज्यातल्या लाइम आणि ओल्ड लाइम या गावांत मुलांचे गुडघे सुजू लागले आणि एका रोगाला त्या गावाचे नाव चिकटले. या दोन घटना एकाच राज्यात घडाव्यात हा योगायोगच म्हणायचा. पण एखाद्या प्रदेशातल्या किती माणसांना लाइमची लागण कधीतरी होऊन गेली आहे, हा हिशेब आज ज्या रीतीने मांडतात तिचे मूळ शोधू गेले तर आपण लाइमच्या रानात पोचत नाही. आपण पोचतो उपदंशाच्या प्रयोगशाळेत, त्या वधूवरांच्या रक्ताच्या नळ्यांपाशी. दोन रोगांच्या चाचण्यांत वरवरचे साम्य आहे, एवढ्यावर थांबता येणार नाही. लाइमची मोजणी उपदंशाच्या मोजणीच्या पोटी जन्मली, आणि आईचे गुण तिच्यात जसे उतरले तसे दोषही उतरले, असे माझे म्हणणे आहे.

लाइमची नेहमीची कथा थोडक्यात अशी. १९७५मध्ये दोन मातांनी आरोग्य खात्याकडे पाठपुरावा केला. ॲलन स्टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गावांत ३९ मुले आणि १२ प्रौढ रुग्ण मोजले, म्हणजे दर हजारी ४.३ आणि मुलांत दर हजारी १२.२. १९८१मध्ये विली बुर्गडॉर्फर यांना न्यूयॉर्कच्या शेल्टर आयलंडवरच्या गोचिडांच्या आतड्यात मळसूत्री जिवाणू दिसले आणि त्या जिवाणूला पुढे त्यांचेच नाव मिळाले. स्टीअर यांनी मोजले ते आजारी लोक. ज्यांना गोचीड चावले, जिवाणू शिरला, शरीराने तो परतवला आणि ज्यांना यातले काहीच कळले नाही, ते अशा मोजणीत सापडत नाहीत. त्यांचा माग रक्तातल्या प्रतिपिंडांवरूनच काढावा लागतो. २०२०च्या जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या १६ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडे आढळली होती, त्यामुळे हा प्रकार आपल्याकडे आता घरोघरी ठाऊक आहे.

प्रतिपिंडांवरून रोग ओळखण्याची पहिली मोठी मोहीम उपदंशाची. १९०५मध्ये त्याचा मळसूत्री जिवाणू सापडला आणि १९०६मध्ये बर्लिनच्या ऑगस्ट फॉन वासरमान यांनी नायसर आणि ब्रुक यांच्यासह रक्तचाचणी आणली. हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नव्हता, म्हणून त्यांनी उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला. त्यात भरपूर जिवाणू असतात, तेव्हा प्रतिपिंडे त्यांनाच चिकटत असणार, असा हा तर्क. तो वर्षभरातच कोसळला, कारण निरोगी अवयवाचा, अगदी जनावराच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी तशीच चाले. चाचणी पकडत होती ती एका स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे, आणि ती मलेरियात, कुष्ठरोगात, कधी गर्भारपणातही दिसत. रोग्यांच्या वॉर्डात हे खपून जाई. वॉर्डाबाहेरच्या धडधाकट माणसांचे रक्त तपासायला घेतले की मात्र खोट्या होकारांची पंचाईत समोर येई, आणि कनेक्टिकटच्या कायद्याने नेमकी तीच माणसे प्रयोगशाळेत आणली. ज्यांच्यात रोग विरळा असतो त्यांच्यात खऱ्या होकारांपेक्षा खोटे होकार सहज जास्त भरतात. बोहल्यावर चढू पाहणाऱ्या माणसावर असा शिक्का बसला तर त्याचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

चाचणी किती चुकते हे आकड्यात सांगायची गरज इथून निर्माण झाली. आजारी माणसाला ती किती वेळा पकडते ती संवेदनशीलता, आणि निरोग्याला किती वेळा निर्दोष सोडते ती विशिष्टता. या जोडीचे जनकत्व पाठ्यपुस्तके जेकब येरुशाल्मी यांच्या १९४७च्या लेखाला देतात. तो लेख छातीच्या क्ष-किरण चित्रांच्या वाचनाविषयी आहे. मला हे श्रेय अपुरे वाटते. राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२८मध्ये कोपनहेगनला आणि १९३०मध्ये माँतेविदेओला निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ बसवून त्यांच्या उपदंश-चाचण्या एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. अमेरिकेनेही १९३५मध्ये अशीच तुलना प्रसिद्ध केली. ज्ञात रोग्यांत किती टक्के पकडले आणि निरोग्यांत किती टक्के चुकले, असे दोन रकाने त्या तुलनेत शेजारी शेजारी येतात. काही इतिहासकारांनीही अलीकडे या जोडीचे मूळ उपदंशाच्या चाचण्यांतच दाखवले आहे. येरुशाल्मींच्या बाजूने एक आक्षेप घेता येईल. उपदंशवाल्यांना हे शब्द रासायनिक अर्थाने अभिप्रेत होते, संख्याशास्त्रीय व्याख्या येरुशाल्मींनीच दिली. आक्षेपात तथ्य आहे. पण सूत्र मांडणारा आणि ज्या अडचणीतून सूत्र सुचते ती भोगणारा, यांत कुळकथेने दुसऱ्याला आधी नमस्कार करावा.

संवेदनशीलता आणि विशिष्टता या दोन आकड्यांवरून खरा प्रादुर्भाव काढण्याचे सूत्र वॉल्टर रोगन आणि बेथ ग्लेडन यांनी १९७८मध्ये मांडले. ते एकदा हाताने करून पाहावे. समजा चाचणी लागण झालेल्या शंभरांपैकी ८० जणांना पकडते आणि न झालेल्या शंभरांपैकी ९५ जणांना निर्दोष ठरवते. हजार लोक तपासले, १०० जणांत होकार आला. म्हणून १० टक्के लागण म्हणावी का? हजारांत एकालाही लागण नसती तरी ५० खोटे होकार आले असते. तेव्हा वरचे ५० एवढेच बोलके. लागण झालेला प्रत्येक माणूस होकाराची शक्यता ५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेतो, म्हणजे ७५ टक्क्यांची भर घालतो. ५० भागिले ०.७५, उत्तर सुमारे ६७. दहा टक्के म्हणता म्हणता पावणेसात टक्क्यांच्या आत आलो. आणि होकार १०० ऐवजी ४० आले तर? उत्तर उणे येते. उणे माणसांना लागण झाली असे म्हणता येत नाही. त्याचा अर्थ एवढाच की त्या गावाबद्दल ही चाचणी काहीही सांगू शकत नाही.

आता लाइमकडे. बुर्गडॉर्फर यांच्या १९८२च्या लेखात लाइमच्या रुग्णांचे रक्तद्रव्य या नव्या जिवाणूवर टाकून प्रकाशमान रंगाने प्रतिपिंडे दाखवली होती. उपदंशासाठी ही पद्धत १९५७पासून रुळलेली होती. आधी एका संवेदनशील चाचणीने चाळायचे आणि मग दुसऱ्या, काटेकोर चाचणीने पक्के करायचे, हा दोन पायऱ्यांचा शिरस्ताही तिथलाच. १९४९मध्ये नेल्सन आणि मेयर यांनी जिवंत जिवाणूंवरची चाचणी काढल्यावर वासरमान घराण्यातल्या चाचण्यांचे कितीतरी होकार खोटे निघाले, तेव्हापासून पहिल्या होकारावर कोणी विसंबेना. यावर कोणी म्हणेल की गेल्या शतकात सगळ्याच रोगांच्या रक्तचाचण्या याच साच्यातून निघाल्या, मग लाइमचे वेगळे कौतुक कशाला? कारण ही दोन्ही मंडळी खरोखरच भाऊबंद आहेत. दोन्ही जिवाणू मळसूत्री आणि दोघांची शेपटे आतल्या बाजूला. त्या शेपटांचे ४१ किलोडाल्टनचे प्रथिन इतके सारखे, की उपदंशाच्या रुग्णाचे रक्त लाइमच्या चाचणीत होकार देऊ शकते. लाइमला नाव मिळण्याच्या पुष्कळ आधी, १९२२मध्ये, फ्रान्समध्ये गारें आणि बुजादू यांनी गोचीड चावल्यावर मज्जातंतूंच्या वेदनांनी हैराण झालेल्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याची वासरमान चाचणी किंचित होकारार्थी होती. हा उपदंश नव्हे हे त्यांनी ओळखले, तरी उपचार उपदंशावरच्या सोमलयुक्त औषधानेच केला. नात्याची खूण तेव्हाच पटायला हवी होती.

लाइमच्या दुसऱ्या पायरीचे नियम १९९४मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या परिषदेत ठरले. या पायरीच्या चाचणीत एका पट्टीवर जिवाणूची प्रथिने वजनानुसार अलग केलेली असतात, आणि ज्या प्रथिनाला रक्तातली प्रतिपिंडे चिकटतात तिथे रेघ उमटते. ठरवलेल्या दहा रेघांपैकी किमान पाच उमटल्या तर जुनी लागण धरायची. या दहांत ३१ आणि ३४ किलोडाल्टनच्या, जिवाणूच्या बाह्य आवरणावरच्या रेघा नाहीत, आणि त्यावर आजही भांडण आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की ३१च्या प्रथिनापासून लस बनत होती, लस घेतलेला आणि लागण झालेला वेगळे ओळखता यावेत म्हणून त्या रेघा गाळल्या. दुसरा पक्ष १९९३च्या अभ्यासाकडे बोट दाखवतो. त्यात रेघा निवडल्या त्या रुग्ण आणि निरोगी यांच्यात सर्वांत चांगला भेद करणाऱ्या, आणि ३१ व ३४ बहुधा दीर्घकाळच्या सांधेदुखीतच उमटतात. मला दुसरे स्पष्टीकरण पुरेसे वाटते, कारण यादी त्या अभ्यासातूनच आली आहे. लस १९९८ ते २००२ एवढीच बाजारात होती आणि त्या काळात या वगळण्याचा फायदाच झाला. पण पहिल्या पक्षाची तक्रार दुसऱ्या अंगाने खरी आहे. हे नियम दवाखान्यातल्या रुग्णासाठी बेतलेले होते. ज्याला वीस वर्षांपूर्वी लागण झाली आणि ज्याची प्रतिपिंडे आता ओसरत आली आहेत, त्याच्या पट्टीवर पाच रेघा उमटतीलच असे नाही, आणि सर्वेक्षण नेमके त्यालाच शोधत असते.

इथे लेक आईपेक्षा दुबळी ठरते. उपदंशात वासरमान घराण्यातल्या चाचणीचे प्रमाण उपचारानंतर उतरते, त्यामुळे चालू रोग आणि जुना डाग वेगळे करता येतात. लाइमच्या चाचणीत तशी सोय नाही. प्रतिपिंडे बरी झालेल्या माणसातही वर्षानुवर्षे राहतात. म्हणून तिच्यातून निघतो तो होऊन गेलेल्या लागणीचा अंदाज, आजाराचा नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये नकाशा घेऊन रानातून धावणाऱ्या ९५० खेळाडूंपैकी २६ टक्क्यांत प्रतिपिंडे आढळली, पण लाइमचा आजार झाल्याची खात्रीशीर किंवा संभाव्य नोंद दोन-तीन टक्क्यांचीच. जर्मनीच्या २००८ ते २०११च्या आरोग्य पाहणीत प्रौढ स्त्रियांत ५.८ आणि पुरुषांत १३ टक्के. चाचणी स्त्री-पुरुषांना एकच होती, तेव्हा एवढी तफावत खोट्या होकारांनी सहजी पडत नाही. हे आकडे गोचिडांच्या प्रदेशातले, म्हणून वजनदार.

दक्षिण आशियासाठी २०२२मधल्या एका जागतिक संकलनात ३ टक्के हा आकडा आला, तो मात्र जपून वाचावा. चाचणीची विशिष्टता ९७ टक्के असली तर एकही लागण नसलेल्या प्रदेशात हाच आकडा निघेल. लेप्टोस्पायराही मळसूत्री कुळातलाच, आणि त्याच्या रुग्णांचे रक्त लाइमच्या पहिल्या पायरीवर होकार देऊ शकते. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण दरवर्षी निघतात. तिथे नुसत्या पहिल्या पायरीवर सर्वेक्षण केले तर मोजला जाईल तो कदाचित लेप्टो. त्याच कोकणातल्या निरोगी, गोचिडांशी संबंध न आलेल्या आणि लेप्टो होऊन गेलेल्या लोकांवर आधी चाचणीची विशिष्टता ठरवावी आणि मगच तो आकडा रोगन-ग्लेडन यांच्या सूत्रात घालावा. परदेशातल्या रक्तदात्यांवर ठरवलेली विशिष्टता इथे चालणार नाही.