नवऱ्याचा देश, बायकोचा कागद

गटांच्या बैठकांतून एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. तो मावळातून येतो, खेड-जुन्नरकडून येतो आणि इथे निगडीत, प्राधिकरणाच्या गल्ल्यांमधूनही येतो. मुलीचं लग्न झालं. जावई अमेरिकेत आहे, त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे, दोन-तीन वर्षांनी तो तिथला नागरिक होईल. मग आमची पोर अजून इथेच का? लग्नाची बायको असून नवऱ्याकडे जायला रांग कसली?

"तिकडचा कायदाच तसा आहे," असं एका वाक्यात सांगता येईल. पण कायदा काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी तो करतं, कुणाला तरी तो सोसावा लागतो आणि कुणीतरी भांडून बदलून घेतं. या रांगेच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. आज तो बघू.

सुरुवात आपल्याच गावापासून करू. निगडी हे मुळात शेतकऱ्यांचं गाव. साठच्या दशकात पिंपरी-आकुर्डीला मोठे कारखाने उभे राहिले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं, जमिनी संपादित झाल्या आणि सेक्टर पडले. सातारा, सांगली, नगर, मराठवाडा अशा सगळीकडून माणसं कामाला आली. आधी पुरुष यायचा, चौघांत मिळून खोली करायचा. बायको गावाकडे सासू-सासरे, गुरं आणि शेत सांभाळायची. नोकरी पक्की झाली, खोली मिळाली की तिला घेऊन यायचा. यात दोन वर्षं जायची, कधी पाच जायची. नवरा पुढे आणि बायको मागे, हे आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच, की गावाहून निगडीला यायला एसटीचं तिकीट पुरायचं. "तू याची बायको आहेस का, हा तुला पोसू शकतो का, आणि तुझा नंबर लागला का?" असं वाटेत कुणी विचारत नव्हतं. देशाची हद्द आली की हे तिन्ही प्रश्न येतात.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. त्या काळी बाईला स्वतःचं असं नागरिकत्व बऱ्याच देशांत नव्हतंच. लग्नात जसं आडनाव बदलायचं तसा देशही बदलायचा. अमेरिकेत १९०७ साली कायदाच झाला, की अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केलं तर ती नवऱ्याच्या देशाची होईल. मग ती तिथेच जन्मलेली असो, एक दिवसही बाहेर गेलेली नसो. कॅलिफोर्नियातल्या एका बाईने हे मान्य केलं नाही. इथेल मॅकेन्झी तिचं नाव. नवरा स्कॉटलंडचा, म्हणून मतदार यादीत तिचं नाव घ्यायला नकार मिळाला. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९१५ साली हरली. परदेशी माणसाशी लग्न तू आपण होऊन केलंस, तेव्हा त्याचे परिणामही तूच पत्करलेस, असा त्या निकालाचा अर्थ होता.

पुढे बायकांना मताचा हक्क मिळाला. त्यांनी जोर लावला आणि १९२२ साली केबल कायदा आला. त्याने बाईचं नागरिकत्व नवऱ्यापासून वेगळं केलं. पण एक पाचर मारून ठेवली. नवरा जर नागरिक होण्यास अपात्र अशा वंशाचा असेल, तर बायकोचंही नागरिकत्व जाईल. हे अपात्र म्हणजे आशियातले लोक.

ही पाचर आपल्या लोकांना कशी लागली, ते ऐका. सखाराम गणेश पंडित, नाव ऐकूनच घरचं वाटावं असं. हे गृहस्थ १९०६ साली अमेरिकेला गेले, १९१४ साली लॉस एंजेलिसला नागरिक झाले आणि पुढे वकील झाले. १९२० साली त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं. तेवढ्यात भगतसिंग थिंद या शीख माणसाचा खटला उभा राहिला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. पण तिथे १७९० पासून नियम असा, की बाहेरून आलेला माणूस नागरिक व्हायचा तर तो गोरा हवा. नंतर त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई मात्र बाहेरच राहिले. थिंद यांच्या बाजूने पंडित लढले. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला : हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही.

एवढ्यावर भागलं नाही. जे हिंदुस्थानी आधीच नागरिक झाले होते, त्यांचे कागद परत घ्यायला सरकार निघालं. पंडितांवरही खटला भरला. आता पंडितांचं नागरिकत्व गेलं की लिलियनचंही जाणार, कारण ती अपात्र माणसाची बायको ठरणार. तिच्या नावावर इम्पीरियल खोऱ्यात जमीन होती, ती धोक्यात येणार. म्हणजे बघा, बाई तिथेच जन्मलेली, जमीन तिची स्वतःची, तिने काही केलेलं नाही. तरी नवऱ्याच्या एका कागदावर तिचं सगळं टांगलेलं.

पंडितांनी कोर्टात मुद्दा मांडला तो साधा होता. तुम्ही मला कागद दिलात, त्यावर विश्वास ठेवून मी संसार मांडला, व्यवसाय मांडला, मागचे दोर कापले. आता इतक्या वर्षांनी तुम्हाला शब्द फिरवता येणार नाही. आणि माझ्या बायकोचं काय? १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायला घेतलं नाही. पंडित नागरिक राहिले आणि लिलियनची जमीन वाचली.

सगळ्यांच्या नशिबी वकील नवरा नव्हता. कला बगाई १९१५ साली नवरा वैष्णोदास आणि तीन मुलग्यांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या. वैष्णोदासांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. दुकान, घर, सगळंच डळमळलं. १९२८ साली त्यांनी जीव दिला. कलाबाईंनी परक्या मुलखात तिन्ही मुलगे वाढवले, शिकवले. हिंदुस्थानी माणसांना तिथे नागरिक होण्याची वाट पुन्हा उघडली ती १९४६ च्या कायद्याने. त्या कायद्याने वर्षाला किती हिंदुस्थानी येऊ शकणार होते? शंभर.

मधल्या काळात शेतीवर राबणाऱ्या पंजाबी पुरुषांना गावाकडच्या बायका आणताच येत नव्हत्या, कारण १९१७ च्या कायद्याने आपल्या भागातल्या लोकांना दार बंद होतं. कित्येकांनी तिथे मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. आणि पंजाबात? तिथे कुणाची आई, कुणाची बायको वाट बघत म्हातारी झाली. तिचं नाव कुठल्या खटल्यात सापडत नाही.

आता आजच्या रांगेकडे येऊ. १९६५ साली अमेरिकेने वंशावरचे आणि देशावरचे जुने निर्बंध मोडले आणि कुटुंबाला महत्त्व दिलं. पण पायऱ्या ठेवल्या. नागरिकाची बायको ही सर्वांत जवळची नातलग, तिला संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डवाल्याची बायको दुसऱ्या पायरीवर, तिला वर्षाच्या ठरलेल्या आकड्यात बसावं लागतं. अर्ज जास्त आले की रांग लागते. ही रांग कधी लांबते, कधी सरते. २०१९ च्या जुलैपासून २०२३ च्या मार्चपर्यंत तिला थांबणं जवळपास नव्हतंच, एप्रिलपासून पुन्हा लागलं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला तारखा जाहीर करतं. त्यामुळे "सहा महिन्यांत येईल" असं छातीठोक सांगणाऱ्या एजंटावर विसंबू नका.

यात एक गंमत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेला माणूस बायकोला सोबतीच्या व्हिसावर लवकर नेऊ शकतो. नागरिक झालेलाही नेऊ शकतो. मधला, ग्रीन कार्डवाला, तोच अडकतो. म्हणून लग्नाच्या तारखेला फार महत्त्व आहे. ग्रीन कार्ड हाती येण्याआधी लग्न झालं असेल, तर बायकोला बहुधा त्याच्याच अर्जाच्या आधाराने जाता येतं. नंतर झालं, तर तिच्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी रांग. चार महिन्यांच्या फरकाने कुणाची चार वर्षं जाऊ शकतात. आपण पत्रिका बघतो, मुहूर्त बघतो, ही तारीख मात्र कुणी बघत नाही.

सर्वसाधारणपणे ग्रीन कार्डवर पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण तोवर बायकोचा अर्ज करायचाच नाही, असं नाही. तो आधीच भरून ठेवावा. नवरा नागरिक झाला की तोच अर्ज वरच्या पायरीवर जातो. मात्र मूल असेल तर नीट लक्ष द्या. दुसऱ्या पायरीवर मूल आईबरोबर त्याच अर्जात जातं, वरच्या पायरीवर जात नाही. ज्या मुलाला व्हिसाची गरज आहे, त्याच्यासाठी वेगळा अर्ज लागतो. हे माहीत नसल्याने आई निघाली आणि लेकरू मागे राहिलं, असं होऊ शकतं.

हे फक्त अमेरिकेचं नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर एक भारतीय शिक्षिका उतरली, लग्न ठरलेल्या माणसाकडे जायला. ती खरंच अविवाहित आहे का, हे बघायला तिची शारीरिक तपासणी करण्यात आली. बातमी फुटल्यावर इथे आणि तिथे इतका संताप उसळला, की ती पद्धत बंद करावी लागली. त्याच ब्रिटनमध्ये पुरुषाला बायको आणता यायची, पण तिथे राहणाऱ्या बाईला नवरा आणणं फार कठीण. तीन बायका युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ साली जिंकल्या. सरकारने समानता आणली खरी, पण बायकांची वाट रुंद करून नाही, तर पुरुषांचीही अरुंद करून.

आपलं घर तरी कुठे धुतलेलं होतं? आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. त्यात भारतीय पुरुषाच्या परदेशी बायकोला नोंदणीने नागरिक होता यायचं, भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला तशी सोय नव्हती. ती १९८६ साली आली. आज दोघांनाही सात वर्षं भारतात राहावं लागतं. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय होता येऊ लागलं ते १० डिसेंबर १९९२ पासून, त्याआधी फक्त बापाच्या नात्याने. आणि निगडीपासून हाकेच्या अंतरावर, फाळणीनंतर वसलेल्या पिंपरी कॅम्पात, सिंधमधून नंतर आलेल्या कुटुंबांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं काढलेली आहेत. म्हणजे वाट बघणाऱ्या बाया आपल्या शेजारीही आहेत.

जावई नागरिक झाला की आपल्या बाजूलाही काही बदलतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्याचा भारतीय पासपोर्ट जातो. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. तेव्हा "पुढे दोघं मिळून गावाकडे रान घेऊ" हा बेत असेल, तर सातबारा कुणाच्या नावावर होणार, हे आधी बोलून घ्या. लिलियनची गोष्ट आठवा.

आणि बायकोच्या हक्कांचं? तिला नेताना नवऱ्याला लिहून द्यावं लागतं, की मी हिचा खर्च चालवीन. ती जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. पोचताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर तिला दोन वर्षांचं अटीचं कार्ड मिळतं आणि मुदत संपताना दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. हा १९८६ चा नियम. नवऱ्याच्या सहीची भीती घालून छळ होतो हे दिसल्यावर तिथल्या बायकांनी लढून १९९४ साली कायदा करून घेतला. छळ होत असेल तर तिला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. इथे राहून फसवणूक झाली, तर राष्ट्रीय महिला आयोगात अशा विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे.

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. त्यात आता "कागद पाहावा वाचून" हेही जोडायला हवं. लग्नाची नोंदणी लगेच करा, नोंदणीचा दाखला आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय ना ते तपासा. अर्जाच्या पावतीची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हातात असू द्या, सासरच्या कपाटात नको. आणि रांगेतली वर्षं वाट बघण्यात घालवू नका. मुलीला शिकू द्या, कमवू द्या, तिचं बँकेचं खातं चालू ठेवा. तिकडे नंबर लागेल तेव्हा लागेल, तिचं आयुष्य आज चालू आहे.

इथेल हरली, लिलियनचं वाचलं, कलाबाईंनी निभावून नेलं. या सगळ्यांमुळे आज आपली मुलगी निदान स्वतःच्या नावाच्या कागदावर जाते. तो कागद तिला वाचता यावा, एवढं तर आपण करू शकतो. आपल्या गटात अशी कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत तिच्या शेजारी बसून तिचे कागद एकदा सगळ्याजणी मिळून बघा.