महाजालावरचे नाव-गाव

अनोळखी घराच्या ओसरीवर चढण्यापूर्वी माणसाने आपले नाव-गाव सांगावे, ही आपल्याकडची जुनी रीत. इंटरनेटची उभारणी ज्यांनी केली, त्यांनी या रीतीची सोयच ठेवली नव्हती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. कोणता संगणक कोठे आहे हे ओळखण्याचे नियम त्यांनी केले. त्यापुढे बसलेला माणूस कोण, हा प्रश्न ज्याचा त्याच्यावर सोपविला. आरंभीची मंडळी विद्यापीठांतली व संशोधनसंस्थांतली, पुष्कळशी परस्परांच्या परिचयाची. तेव्हा त्यांस दोष देणे आम्हांस रास्त वाटत नाही.

१९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती विद्या विनामूल्य सर्वांस खुली केली. परवानगीवाचून कोणीही पान लिहावे, कोणीही वाचावे! त्याच जुलैत 'न्यूयॉर्कर'मध्ये पीटर स्टायनर यांचे व्यंगचित्र आले. त्यात संगणकापुढचा कुत्रा सोबत्याला सांगतो, की येथे आपण कुत्रे आहोत हे कोणास कळत नाही.

पुढे बाजार भरला आणि हे हसणे ओसरले. प्रत्येक दुकानाने गिऱ्हाइकांची आपली निराळी वही ठेवली आणि ज्याला त्याला परवलीचा शब्द मागितला. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने 'पासपोर्ट' काढून सर्व दुकानांसाठी एकच वही आपल्या घरी ठेवू पाहिली. सर्वांच्या किल्ल्या एका घरी, ही कल्पना इतरांना मानवली नाही; २००१ साली सन व इतर कंपन्यांनी 'लिबर्टी अलायन्स' उभी केली.

पण खरी मौज २००५ सालच्या 'ओपनआयडी'त आहे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुण अमेरिकन प्रोग्रामरने ती योजना काढली. तीत माणसाचे नाव म्हणजे त्याच्या स्वतःच्या वेबपानाचा पत्ता. दुकानात तो पत्ता सांगायचा. दुकानदार तुम्हांस तुमच्या साक्षीदाराच्या घरी धाडतो. साक्षीदार तुम्हांस ओळखतो व दुकानदाराला सहीनिशी तसे कळवितो. परवलीचा शब्द दुकानदाराच्या हाती पडतच नाही. साक्षीदाराचे घर वाटेल त्याने चालवावे, आणि मालकाला आपल्या पानावर 'माझा साक्षीदार अमुक' असे लिहून तो केव्हाही बदलता यावा, ही त्यातली खरी मेख.

या मेखेचे मोल १ फेब्रुवारी २०१४ रोजी कळले. त्या दिवशी 'मायओपनआयडी' हे साक्षीदाराचे मोठे घर बंद झाले. ज्यांनी स्वतःचे पान राखले होते, त्यांनी साक्षीदार बदलला. ज्यांचे नावच त्या घराच्या पत्त्यावर होते, त्यांची ती ओळख घराबरोबर गेली.

तरीही योजना रुजली नाही. लांबलचक पत्ता हे आपले नाव, हे सामान्य माणसाला पटेना. मोठ्या कंपन्या साक्षीदार व्हायला उत्सुक, दुसऱ्याची साक्ष मानायला मात्र नाखूष. २००८ साली 'फेसबुक कनेक्ट' आले. एक बटण दाबले की काम झाले, आणि सोयीपुढे शहाणपण सहसा टिकत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'ओपनआयडी कनेक्ट' हा नवा नियम आला. तोही सर्वांस खुला आहे. परंतु दुकानाच्या दारावर बटणे दिसतात ती बहुधा दोनचार बड्या नावांचीच. अशा एका कंपनीने खाते बंद केले, की तिच्या भरवशावर उघडणारी कित्येक दारे एकदम बंद होतात, आणि दाद मागायची ती त्याच कंपनीकडे.

वेबचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने १९ जुलै २०२२ रोजी कोणा एका घराच्या स्वाधीन नसलेल्या ओळखीचा नियम मान्य केला. त्यावर गूगल, ॲपल आणि मोझिला यांनी रीतसर हरकती नोंदविल्या होत्या. संस्थेने त्या फेटाळल्या.