बाणाच्या दांडीचे वारस

प्लास्टिकच्या किटमधून जोडलेलं क्षेपणास्त्र काचेच्या कपाटात शोभतं. दोन अर्धे भाग चिकटवायचे, रंग द्यायचा, खुणांचे स्टिकर लावायचे आणि ठेवून द्यायचं. त्याच मॉडेलच्या पोटात मोटर बसवून ते आकाशात सोडायचं म्हटलं, की आधी आगीची धास्ती वाटते. पण हे काम अडतं ते सरळ जाण्यापाशी, आणि ती अडचण आपल्याकडे फार जुनी आहे.

मराठ्यांच्या फौजेत तोफा-जेजालांबरोबर बाणही असत. दारू ठासलेली नळी आणि तिला बांधलेली बांबूची लांब दांडी. म्हैसूरकरांच्या लोखंडी नळीच्या बाणांनी इंग्रजांना इतकं हैराण केलं, की विल्यम काँग्रीव्हने विलायतेत त्यावरून स्वतःचे बाण घडवले. दांडी मात्र त्यालाही सोडवेना. कारण नुसती नळी पेटवली तर ती कुठेही वळते. मागे लांबवर वाऱ्याला धरायला काहीतरी असलं, तर नाक जरा वाकडं होताच वारा शेपटाला ढकलतो आणि नाक पुन्हा वाटेवर येतं. दिवाळीतल्या रॉकेटची काडी हेच करते. १८४४ मध्ये विल्यम हेलने दांडी काढून टाकली आणि बाणाला स्वतःभोवती गरगर फिरवून सरळ ठेवलं. पुढे दांडीचं काम शेपटाच्या पंखांकडे आलं.

त्या पंखांचं आजचं घर पुण्यात आहे. तिथल्या पाषाणला एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. ‘पिनाक’ तिथे घडलं. २१४ मिलिमीटर व्यासाचं हे रॉकेट नळीतून सुटतं, म्हणून त्याचे पंख अंगाशी मिटलेले असतात आणि बाहेर पडल्यावर उघडतात. बाणाच्या दांडीचा इतका थेट वारस दुसरा मला दिसत नाही.

खेळातल्या रॉकेटची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली. नेब्रास्कात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइलला दारूकामाची चांगली जाण होती. १९५४ मध्ये त्याने आणि त्याच्या भावाने कागदी नळीचं रॉकेट केलं. त्याची मोटर एकदा वापरून टाकून द्यायची, आणि शेवटी ते पॅराशूटवर खाली उतरायचं. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेलं, मुलं धातूच्या पाइपात काहीबाही ठासून जखमी होऊ लागली, तेव्हा हे साधं, धातूविना केलेलं रॉकेट फार मोलाचं ठरलं. व्हाइट सँड्सच्या चाचणीतळावर काम केलेल्या हॅरी स्टाइनने ते लोकांपर्यंत नेलं, आणि व्हर्न एस्टिसने मोटरी भराभर घडवणारं यंत्र उभं केलं. त्याच दशकात रेव्हेल, मोनोग्रामसारख्या कंपन्या क्षेपणास्त्रांचे प्लास्टिक किट विकत होत्या. एकाच टेबलावर दोन्ही खोके आल्यावर हात स्वस्थ कसे बसतील? हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने पुढे किटचं उडतं रॉकेट करण्याच्या या रूपांतराची वेगळी स्पर्धाच ठेवली.

मोटर बसवणं त्यातलं सोपं काम. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून आत कागदी नळी घालतात. नाक सुटं ठेवतात, म्हणजे मोटरच्या शेवटच्या धक्क्याने ते निघून पॅराशूट बाहेर येतं. अवघड आहे ते वजन. मूळ रॉकेटला जायरोस्कोप आणि हलणारी नळकांडी वाट दाखवतात, त्यामुळे त्याचे पंख आखूड असले किंवा मुळीच नसले तरी चालतं. मॉडेलला असा वाटाड्या नाही. त्यात मोटर शेपटाला आणि जाड प्लास्टिकही मागेच, म्हणून गुरुत्वमध्य मागे सरकतो. वाऱ्याचा जोर ज्या बिंदूवर एकवटतो तो दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे किमान एका व्यासाइतका हवा. तो बिंदू काढायची सूत्रं नासातल्या जेम्स बॅरोमनने १९६६ मध्ये हौशी मंडळींपुढे मांडली. उपाय दोनच: नाकात शिसं किंवा प्लॅस्टिसिन भरायचं, आणि शेपटाला पारदर्शक प्लास्टिकचे मोठे पंख लावायचे.

हे पारदर्शक पंख मला या कलेतली सर्वांत सुंदर युक्ती वाटते. कारागिराने रेषा न् रेषा मुळाबरहुकूम जोडलेली असते, ती डोळ्यांना तशीच दिसत राहते. वाऱ्याला मात्र लांब दांडी मिळते.

आपल्याकडे मोटर हा स्फोटक पदार्थ ठरतो. १८८४ चा स्फोटक कायदा त्याला लागू होतो आणि परवान्यांचं मुख्य कार्यालय नागपूरला आहे. घरी दारू ठासण्याचा विचारही करू नये. पण या विद्येचा गाभा मोटरीशिवाय शिकता येतो. किट जोडा, मोटरच्या जागी तेवढंच वजन ठेवा, मॉडेल जिथे समतोल राहतं तिथे दोरी बांधा आणि मोकळ्या मैदानात डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडण्याजोगं आहे. आडवं झालं किंवा शेपूट पुढे करून फिरलं, तर नाकात थोडं शिसं घाला, नाहीतर पंख वाढवा, समतोलाची जागा नव्याने शोधून दोरी तिथे बांधा, आणि पुन्हा फिरवा.