घरातील गळती ओळखून पाणी आपोआप बंद करणारी यंत्रणा

भिवापूर : लग्नसराईत घराला कुलूप लावून आठ दिवस गावी जाणे हे आपल्याकडे नवीन नाही. गॅस बंद केला जातो, दिव्यांची बटणे तपासली जातात. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह मात्र क्वचितच कोणी फिरवतो. याच काळात न्हाणीघरातील एखादा प्लास्टिकचा सांधा सुटला आणि मिनिटाला केवळ एक लिटर पाणी वाहू लागले, तर दिवसाकाठी १४४० लिटर पाणी जाते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई, दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले आहे. त्या हिशेबाने पाच जणांच्या कुटुंबाचे हे पाच दिवसांचे पाणी झाले.

अशी गळती माणसाच्या अनुपस्थितीत ओळखून पुरवठा तोडणारी उपकरणे पाश्चात्त्य देशांत आता सर्रास मिळतात. अमेरिकेत ‘फिन’ आणि मोएन कंपनीचे ‘फ्लो’, युरोपात ग्रोहेचे ‘सेन्स गार्ड’ ही त्यांपैकी परिचित नावे होत. तेथील घरांच्या नळांत चोवीस तास दाबाचे पाणी असते, बांधकामात लाकूड मोठ्या प्रमाणावर असते आणि हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटतात. त्यामुळे काही विमा कंपन्या असे उपकरण बसविणाऱ्यांना हप्त्यात सवलतही देतात. आपल्याकडील घर, नळ आणि पाणी येण्याची वेळ या तिन्ही गोष्टी निराळ्या असल्याने हे उपकरण जसेच्या तसे उचलून बसविणे फसू शकते.

यंत्रणेचे मुख्य भाग दोनच : गळती ओळखणारा संवेदक आणि पाणी तोडणारा व्हॉल्व्ह. सर्वांत स्वस्त संवेदक जमिनीवर ठेवायचा असतो. त्याच्या दोन धातूच्या टोकांमध्ये पाणी आले की विद्युतमंडल पूर्ण होते आणि सूचना मिळते. मात्र ज्या घरात रोज फरशी धुतली जाते आणि न्हाणीघर दिवसभर ओलेच असते, तेथे हा संवेदक दिवसातून चार वेळा बोंब मारणार. त्याची योग्य जागा म्हणजे स्वयंपाकघरातील ओट्याखालचे बंद कपाट, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या खाली किंवा माळ्यावरील गिझरजवळ.

दुसरा प्रकार नळातील प्रवाह मोजतो. चुंबक बसविलेले छोटे चक्र पाण्याबरोबर फिरते आणि त्याचे फेरे मोजले जातात. महागड्या उपकरणांत हेच काम ध्वनिलहरी करतात. ठरविलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ, समजा सलग अर्धा तास, पाणी वाहत राहिले की व्हॉल्व्ह बंद होतो. घर रिकामे असताना ही मर्यादा दोन-तीन मिनिटांवर आणता येते. थेंब थेंब गळणारा नळ मात्र चक्राच्या संवेदकाला बहुधा कळत नाही. इतक्या मंद प्रवाहाने चक्र हलतच नाही. त्यासाठी काही उपकरणे रात्री पाणी काही मिनिटे तोडून नळातील दाब उतरतो का, हे पाहतात.

अडचण येते ती येथे. ज्या गावात नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येते, तेथे त्या वेळेत घरोघरी टाकी, ड्रम, हंडे सारे एकदमच भरले जाते. सलग तासभर वाहणारा हा प्रवाह यंत्राच्या दृष्टीने फुटलेला नळच! शिवाय पाणी येण्यापूर्वी नळातून हवा सुटते आणि ती मोजणीचे चक्रही गरगर फिरवते. म्हणून यंत्रणा रस्त्यावरून येणाऱ्या जोडणीवर न बसविता गच्चीवरील टाकीच्या निर्गम नळावर बसविणे श्रेयस्कर.

त्या जागी प्रश्न दाबाचा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. एकमजली घराच्या स्लॅबवरील टाकीचा दाब तळाशी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो. अनेक सोलेनॉइड व्हॉल्व्हना उघडण्यासाठीच पाण्याचा किमान दाब लागतो. इतक्या कमी दाबावर ते अडून बसतात. मोटारीने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबावर अवलंबून नसतो. खरेदी करताना हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ पैसे वाचतील. वीज गेल्यावर व्हॉल्व्ह उघडा राहणार की बंद होणार, हेही विचारावे. आणि हाताने फिरविण्याची सोय असल्याशिवाय तो घेऊ नये.

आपल्याकडे खरा धोका वेगळ्याच ठिकाणी दडलेला असतो. हजार लिटरची टाकी फुटक्या नळाने रिकामी झाली, तर नुकसान हजार लिटरवर थांबते. पण टाकीतील पातळी उतरताच पंप आपोआप सुरू करणारे नियंत्रक घरात असेल, तर तेच गळती अखंड चालू ठेवते. खालचा हौद आटतो, विंधन विहीर उपसली जाते आणि विजेचे बिल चढते. प्रस्तुत लेखकाच्या मते, असे नियंत्रक असलेल्या घरांनी गळतीरोधक यंत्रणेचा विचार सर्वांत आधी करावा. पंप दिवसातून किती वेळ चालावा, याची मर्यादा घालणारा साधा टायमरही येथे मोठे काम करतो. हौदातील वा टाकीतील बॉल कॉक बिघडून पाणी वरून वाहत असेल, तर टाकीनंतर बसविलेल्या यंत्रणेला त्याचा पत्ताही लागत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गळतीचा विषय नागपूर जिल्ह्याला नवा नाही. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेत नागपूर महापालिकेने २०१२ मध्ये शहराच्या पुरवठ्याचे काम ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे सोपविले, त्यामागे वाया जाणारे पाणी रोखणे हा एक प्रमुख हेतू होता. जुन्या घरगुती जोडण्या बदलणे हा त्या कामाचा मोठा भाग ठरला. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या मलकापूरने तर लहान गावही चोवीस तास पाणी आणि दुरून वाचता येणारे मीटर चालवू शकते, हे दाखवून दिले.

उपकरण घेण्यापूर्वी घरात गळती आहे की नाही, हे बिनखर्चात पाहता येते. रात्री निजण्यापूर्वी पंप व नळजोडणी बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी कोणी नळ उघडण्यापूर्वी पाहावे. टाकीचा व्यास एक मीटर असेल, तर पातळीत एक सेंटीमीटर घट म्हणजे सुमारे आठ लिटर पाणी. घट दिसल्यास आधी शौचालयाच्या फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाकावा. न वापरता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला, तर दोषी तेथील वॉशर होय.

विदर्भातील बहुतेक विंधन विहिरींचे पाणी जड असते. त्यातील क्षार व्हॉल्व्हच्या गोळ्यावर बसतात, आणि वर्षभर न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी फिरत नाही. महिन्यातून एकदा तो बंद करून पुन्हा उघडावा, आणि बंद असताना एखादा नळ सोडून पाणी खरोखर थांबते का, तेही पाहावे.